बाण वाकडा का जातो? नवख्यांसाठी पारंपरिक धनुष्याची जुळवणी

नवं धनुष्य हातात आलं की पहिल्या काही दिवसांत बहुतेक जण एकच गोष्ट करतात. बाण डावीकडे गेला की नेम उजवीकडे धरतात, वर गेला की खाली धरतात. शेपूट हलवत का होईना, बाण निशाणावर लागला की समाधान मानतात. ही सवय लागू देऊ नका. हवेत वळवळत जाणारा बाण सांगत असतो की धनुष्य, दोरी आणि बाण यांचं आपसात जुळलेलं नाही. ते जुळवता येतं आणि त्याला महागडं सामान लागत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बाजारात जे मिळतं त्यात बहुतेक काम भागतं. फक्त क्रम पाळावा लागतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला हे कधीच कळत नाही.

इथे पारंपरिक धनुष्य म्हणजे साइट (नेम धरायचं साधन), स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा दांडा), कप्प्या नसलेलं धनुष्य. लाँगबो (लांब, सरळ धनुष्य), एकसंध रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य), किंवा आपल्याकडे इंडियन राउंड या देशी स्पर्धाप्रकारासाठी वापरतात ते बांबूचं धनुष्य. पुढचं सगळं उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं धरावं.

सुरुवात करण्याआधी

बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नका. बाणात जाणारी सगळी ताकद त्या वेळी धनुष्याच्याच अंगात जिरते आणि बांबूचं धनुष्य एका झटक्यात चिरू शकतं. प्रत्येक बाण मारण्याआधी दोन्ही हातांत धरून हलका वाकवा आणि कान द्या. कटकट आवाज आला किंवा नखाला चीर लागली तर तो बाण तिथेच मोडून टाका, कारण चिरलेला बाण सुटताना फुटून पुढच्या हातात घुसतो.

जागा म्हणाल तर भातकापणीनंतरचं मोकळं शेत आणि मागे उंच बांध, यापेक्षा चांगली जागा नाही. पोत्यात पिंजर (भाताचं वाळलेलं काड) गच्च दाबून भरलं की निशाण तयार. बाण मारणाऱ्याच्या पुढे कोणी उभं राहायचं नाही आणि बाण गोळा करायला सगळ्यांनी एकदमच जायचं. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, भीमगड अभयारण्याच्या आसपास धनुष्य घेऊन फिरू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. खांद्यावर धनुष्य घेतलेला माणूस सरावाला निघाला आहे की कशाला, हे समोरच्याला कळत नाही.

सामान थोडंच लागतं. सुताराचा गुण्या, मिलिमीटरची पट्टी, मधमाशीचं मेण, पक्का दोरा, चिकटपट्टी, पिशव्या तोलायचा लटकता काटा आणि एक वही. वही विसरू नका.

हवा आणि बांबू

हा भाग परदेशी माहितीत सापडत नाही. तिथली बहुतेक धनुष्यं फायबरग्लासची असतात आणि त्यांना आपल्या पावसाचं फारसं काही वाटत नाही. बांबूला वाटतं. एकाच बेळगाव जिल्ह्यात खानापूर-जांबोटीकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते आणि अथणीकडे हवा कोरडी असते. तेच धनुष्य जांबोटीत पावसाळ्यात मऊ पडेल आणि अथणीत उन्हाळ्यात ताठ लागेल. ओल धरलेला बांबू ताकद गमावतो आणि दोरी काढल्यावरही थोडा वाकलेलाच राहतो. फार सुकलेला बांबू कडक होतो आणि चिरतो.

म्हणून धनुष्य दोरी उतरवून, दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. कोपऱ्यात उभं टेकवून ठेवलं तर खालच्या भुजेवर, म्हणजे मुठीखालच्या अर्ध्या भागावर, सतत भार येतो. चुलीच्या वर किंवा उन्हात बंद गाडीत ठेवू नका. सरावाआधी चार-सहा वेळा अर्ध्यापर्यंत ओढून हलकेच परत आणा, म्हणजे अंग मोकळं होतं. आणि मोजमाप कराल ते त्या दिवसाच्या हवेतलं आहे हे लक्षात ठेवा. जुलैत जुळवलेलं धनुष्य खंडेनवमीला शस्त्रं पुजायला काढाल तेव्हा वेगळं वागेल. पूजा झाली की तीच वही उघडून मापं पुन्हा घ्यावीत, असं माझं ठाम मत आहे.

बाणासाठी बांबू घ्यायचा तर जंगलातून तोडू नका, बुरुडाकडून किंवा मेदारांकडून (कर्नाटकातले बांबूकाम करणारे) घ्या. किमान तीन वर्षांचा, थंडीत तोडलेला, सावलीत वाळलेला मागा. ही माणसं बांबू बोटाने वाजवून सांगतात की तो पिकलाय की नाही. त्यांच्यासमोर आपलं ज्ञान पाजळण्यापेक्षा ऐकून घेतलेलं बरं.

पहिली पायरी: खरी ताकद किती

धनुष्यावर ३५ पौंड लिहिलं असेल तर ती ताकद साधारणपणे २८ इंच ओढीची असते. तुमची ओढ २६ इंच असेल तर हातात तेवढे पौंड येत नाहीत, कारण दर इंचाला दोन ते तीन पौंडांचा फरक पडतो. मित्राला बाजूला उभं करा, बाण पूर्ण ओढा आणि धनुष्याच्या पुढच्या कडेला बाणावर पेन्सिलची खूण करायला सांगा. शेपटीच्या खाचेपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमची ओढ. हे तीन-चार वेळा करा. खुणा एकमेकींपासून दूर पडत असतील तर धनुष्य तुमच्यासाठी जड आहे किंवा ओढ अजून पक्की झालेली नाही, आणि अशा वेळी जुळवणीच्या भानगडीत पडू नये. नवख्या मोठ्या माणसाने २० ते ३० पौंडांवर सुरुवात करावी. जड धनुष्याने मर्दानगी दिसते असं वाटणाऱ्यांचे खांदे लवकर दुखतात.

ओढ पक्की असेल तर दोरीला लटकता काटा अडकवून त्याच खुणेपर्यंत ओढा आणि आकडा वाचा. एक किलो म्हणजे २.२ पौंड. काट्यावर १४ किलो आले तर तुमच्या ओढीला ताकद साधारण ३१ पौंड. हा आकडा वहीत सगळ्यात वर लिहा.

दोरीची उंची

दोरी चढवल्यावर धनुष्याच्या मुठीच्या सगळ्यात खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर म्हणजे ब्रेस हाइट. सरळ बांबूच्या धनुष्याला किंवा लाँगबोला ते साधारण ६ ते ७ इंच असतं, रिकर्व्हला बनवणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे ७ ते ९. पट्टी नसेल तर मूठ वळून अंगठा उभा करा. मुठीच्या बुडापासून अंगठ्याच्या टोकापर्यंतचं अंतर जवळपास तेवढंच भरतं.

अंतर कमी असलं की दोरी मनगटाला फटका देते, धनुष्य थरथरतं आणि बाण दोरीवर जास्त वेळ राहत असल्याने सोडतानाची प्रत्येक चूक त्याच्या अंगात उतरते. फार जास्त असलं की वेग जातो. दोरी काढून तिला आधीच ज्या दिशेला पीळ आहे त्याच दिशेने चार-पाच पीळ द्या, की उंची थोडी वाढते. साधारण ३ मिलिमीटरच्या टप्प्याने वाढवत जा आणि प्रत्येक टप्प्याला काही बाण मारून आवाज ऐका. एका ठिकाणी फटाक असा आवाज जाऊन तो जाडसर, दबका होतो आणि मुठीतली थरथर कमी होते. तिथे थांबा. नवी दोरी पहिल्या काही दिवसांत ताणली जाते, त्यामुळे सरावाआधी रोज मोजणं भाग आहे. मेण अधूनमधून लावा आणि बोटांनी घासून आत जिरवा.

जुन्या किंवा पूर्ण बांबूच्या धनुष्याला डॅक्रॉनचीच (थोड्या ताणल्या जाणाऱ्या पॉलिस्टर धाग्याची) दोरी लावा. न ताणल्या जाणाऱ्या आधुनिक धाग्यांची दोरी टोकं मजबूत केलेल्या धनुष्यांसाठी असते.

याच वेळी वरच्या आणि खालच्या भुजेला मुठीपासून सारख्याच अंतरावर, म्हणजे साधारण ७ इंचांवर, भुजा ते दोरी हे अंतर मोजा. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली धरणाऱ्यांसाठी वरचं अंतर ३ ते ६ मिलिमीटर जास्त असावं, तिन्ही बोटं खाली धरणाऱ्यांसाठी जवळपास सारखं. उलटं निघालं तर धनुष्य उलटं तर धरलेलं नाही ना, एवढं पाहा. भुजा तासून टिलर, म्हणजे या दोन अंतरांतला फरक, बदलण्याच्या फंदात नवख्याने पडू नये, ते बनवणाऱ्याचं काम.

बाण दोरीवर कुठे बसतो

आधी नॉक, म्हणजे बाणाच्या शेपटीची दोरीत बसणारी खाच, पाहा. बाण दोरीला लावा आणि धनुष्य आडवं करून बाण खाली लोंबू द्या. तो आपल्या वजनाने पडता कामा नये, पण दोरीवर बोटाने टिचकी मारली की सुटला पाहिजे. घट्ट असेल तर बारीक कानसेने खाच किंचित घासा. सैल असेल तर दोरीच्या मधल्या भागावर दोऱ्याचे आणखी वेढे द्या. बांबूत कापलेली खाच असेल तर तिच्या लगेच खाली पक्का दोरा गुंडाळून गोंद लावा, नाहीतर खाच उभी चिरते. बेळगावात वडगाव-शहापूरकडे विणकरांच्या मागावर उरलेलं रेशमी किंवा पॉलिस्टर सूत असतं. ते या कामाला फार छान येतं, कारण बारीक असूनही तुटत नाही.

आता गुण्या. त्याचा एक हात दोरीला लावा आणि दुसरा धनुष्यावर बाण टेकतो त्या जागेवर आणा. दोन्ही बरोबर काटकोनात आले की दोरीवर जो बिंदू मिळतो, त्याच्या वर साधारण १२ मिलिमीटर खूण करा. बाणाच्या वर येणाऱ्या गाठीची खालची कड तिथे यायला हवी. तिन्ही बोटं खाली धरत असाल तर १५ ते १८ मिलिमीटरपासून सुरू करा. खुणेवर दोऱ्याची छोटी गाठ गुंडाळा, पण गोंद आत्ताच लावू नका, कारण ती गाठ हलवायची आहे. सुरुवात वरूनच करा. बिंदू खाली असेल तर बाणाची शेपूट खालच्या आधारावर आपटून वर उडते आणि पुढच्या चाचणीत उलटंच चित्र दिसतं.

बांबूच्या बऱ्याच धनुष्यांना बाण टेकवायला पायरी नसते, बाण थेट हाताच्या मुठीवरून जातो. तिथे मूठ रोज त्याच जागी यावी म्हणून मुठीच्या वरच्या कडेला धनुष्यावर दोऱ्याचे चार वेढे द्या. बोटाला ते वेढे लागले की हात जागेवर आहे हे न बघता कळतं. आणि पातळ हातमोजा घाला. पिसाची पुढची टोकदार काडी बोट कापते, म्हणून तीसुद्धा दोऱ्याने झाकून गोंदाने बंद करा.

बाणाचा कडकपणा

आता मुख्य मुद्दा. बाण धनुष्याच्या मधून जात नाही, बाजूने जातो. दोरी बोटांवरून घसरताना किंचित डावीकडे सरकते आणि बाणाला मागून धक्का बसतो, त्यामुळे तो आधी वाकतो, मग उलट्या बाजूला वाकतो आणि धनुष्याला वळसा घालून बाहेर पडतो. कारखान्याच्या हंगामात उसाची ट्रॉली अरुंद गल्लीच्या कोपऱ्यावरून वळताना मागचा भाग भिंतीला न लागता निघाला पाहिजे, तसंच बाणाच्या शेपटीचं आहे. बाण फार कडक असेल तर तो वाकतच नाही आणि डावीकडे ढकलला जातो. फार मऊ असेल तर जास्त वाकतो आणि उजवीकडे जातो. या कडकपणालाच स्पाइन म्हणतात.

लाकडी आणि बांबूच्या बाणाचा स्पाइन घरी मोजता येतो. भिंतीवर सारख्या उंचीवर दोन खिळे २६ इंचांवर, म्हणजे ६६० मिलिमीटरवर मारा. त्यांवर बाणाची काडी ठेवा आणि बरोबर मध्यभागी २ पौंडांचं, म्हणजे ९०७ ग्रॅमचं वजन टांगा. किराणा दुकानात तोलून घेतलेली पाण्याची बाटली चालते. काडी किती मिलिमीटर खाली वाकली ते मागे चिकटवलेल्या पट्टीवर वाचा आणि ६६० ला त्या आकड्याने भागा. १६.५ मिलिमीटर वाकली तर स्पाइन ४० पौंड, १८.९ मिलिमीटर वाकली तर ३५, २२ मिलिमीटर वाकली तर ३०. काडी फिरवून पाहा. बांबू सगळ्या बाजूंनी सारखा वाकत नाही, त्यामुळे जी बाजू सगळ्यात कडक निघेल ती धनुष्याकडे येईल अशी खाच कापा. एका संचातल्या बाणांमध्ये दोन-तीन पौंडांपेक्षा जास्त फरक नको. वाकडी काडी निखाऱ्यावर हलकी गरम करून गाठींजवळ हाताने सरळ करता येते. ज्योतीत धरू नका, जळते.

कार्बनच्या बाणावरचा आकडा उलटा वाचायचा असतो. ५०० पेक्षा ७०० मऊ.

कुठला स्पाइन घ्यायचा याचा ढोबळ नियम असा की काट्यावर आलेल्या ताकदीच्या आसपासचा, किंवा पायरी नसलेल्या जाड मुठीच्या धनुष्याला त्याहून थोडा मऊ. बाण २८ इंचांपेक्षा इंचभर लांब ठेवला तर तो साधारण ५ पौंडांनी मऊ वागतो, इंचभर आखूड केला तर तितकाच कडक. टोकाचं वजन वाढवलं की मऊ, कमी केलं की कडक. म्हणून पहिला बाण जरा लांबच ठेवा. कापता येतो, जोडता येत नाही.

वजनाचंही पाहा. बाण धनुष्याच्या दर पौंडाला किमान ८ ते १० ग्रेन (वजनाचं लहान माप) असावा. ३५ पौंडांसाठी तो १८ ते २३ ग्रॅमच्या दरम्यान भरतो, आणि सराफाच्या काट्यावर हे एका मिनिटात कळतं. याहून हलका बाण म्हणजे धनुष्याला जवळपास रिकामी दोरी सोडल्यासारखाच धक्का.

बिनपिसांचा बाण

पिसं बाणाची चूक झाकतात. शेपूट हलली तरी पिसं तिला ओढून सरळ करतात. म्हणून खरं काय चाललंय ते पाहायला पिसं नसलेला बाण, म्हणजेच बेअर शाफ्ट, मारायचा. तीन बाण पिसांचे आणि दोन बिनपिसांचे घ्या. पाचही एकाच स्पाइनचे, एकाच लांबीचे, सारख्याच टोकाचे. बिनपिसांच्या बाणांना शेपटीकडे पिसांच्या वजनाइतकी चिकटपट्टी गुंडाळा. हे बरेच जण विसरतात आणि मग निकाल चुकतो.

आधी ८ ते १० मीटरवर मारा. बाण पोत्यात तिरका घुसला म्हणून घाबरू नका, पिंजर बाणाला कसंही वळवतं. तिरकेपणा पाहायचा नाही, जागा पाहायची. पिसांच्या तिघांचा मध्य कुठे आणि बिनपिसांच्या दोघांचा मध्य कुठे, एवढंच. एका बाणावरून निष्कर्ष काढू नका, दोन-तीन फेऱ्या मारून मगच वहीत लिहा.

उभा फरक आधी निस्तरा. बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांच्या खाली लागत असेल तर दोरीवरची गाठ वर आहे, ती मिलिमीटर-दोन मिलिमीटर खाली सरकवा. वर लागत असेल तर गाठ वर न्या. दोन्ही एका उंचीवर आले की गाठीवर गोंदाचा थेंब टाका. तिन्ही बोटं खाली धरणाऱ्यांनी बाणाच्या खालीही दुसरी गाठ बांधावी, नाहीतर बाण दोरीवरून खाली सरकतो.

त्यानंतर आडवा फरक. “दादा, बाण उजवीकडंच जाऊलाय” अशी तक्रार घेऊन पोरं येतात तेव्हा मी आधी बिनपिसांचा बाण मारायला सांगतो. तोही पिसांच्या उजवीकडे गेला तर बाण मऊ आहे, डावीकडे गेला तर कडक आहे. दोन्ही एकत्रच उजवीकडे लागत असतील तर मात्र दोष नेमाचा आहे, बाणाचा नाही. हा भेद एकदा समजला की अर्धी लढाई जिंकली.

मऊ बाणासाठी तो एका वेळी ६ मिलिमीटर कापा. पूर्ण ओढल्यावर धनुष्याच्या पुढे किमान एक इंच उरलाच पाहिजे, त्याच्या आत कापायचं नाही. हलकं टोक लावूनही तोच परिणाम मिळतो. कडक बाणासाठी जड टोक लावा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर पुढचा बाण लांब ठेवा. कापाकापीआधी आणखी एक स्वस्त उपाय आहे. बाण जिथे धनुष्याच्या बाजूला घासतो तिथे चामड्याचा तुकडा लावलेला असतो. मऊ बाणासाठी तो जाड करा, कडक बाणासाठी पातळ. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यात बेळगाव जिल्हाही आहे. अथणी-निपाणीच्या चर्मकारांकडे या कामाचे कातरलेले तुकडे मिळतात, जाडीनुसार निवडून घ्या. दोरी ओढताना बोटं वाचवणारा टॅबही त्यातूनच होतो.

१० मीटरवर जुळलं की १५ ते १८ मीटरवर तेच करा. फरक तिथे मोठा दिसतो. बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांपासून तळहाताच्या रुंदीत आला की नवख्यासाठी ते उत्तम. त्याहून बारीक जुळवणी हाताची सोड स्थिर झाल्यावरच करता येते.

निकाल एका फेरीत मऊ, दुसऱ्या फेरीत कडक येत असेल तर बाणाची शेपूट धनुष्यावर आपटत असावी. धनुष्याच्या बाजूला टाल्कम पावडर लावा, एक बाण मारा आणि बाणाच्या मागच्या भागावर पांढरी खूण कुठे उमटली ते पाहा. पिसांवर हलकी खूण चालेल, पण नॉकजवळ खूण असेल तर बाण फारच कडक किंवा फारच मऊ आहे. तिथे मिलिमीटरचं काम नाही, वेगळ्या स्पाइनची काडीच घ्यावी लागेल.

पिसांबद्दल थोडक्यात. एका बाणावरची तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची असावीत. वेगळ्या रंगाचं पीस धनुष्यापासून बाहेर ठेवा. टर्कीची पिसं विकत मिळतात, तीच घ्या. रानपक्ष्यांची गोळा करत बसू नका. भिजलेली पिसं चपटी होतात आणि बाण बिनपिसांचा असल्यासारखा वागतो, त्यामुळे भुरभुर पावसात जुळवणी करायला बसू नका.

शेवटी वहीत एका पानावर सगळं उतरवा. तारीख, हवा कोरडी की दमट, ओढ, काट्यावरची ताकद, ब्रेस हाइट, गाठीची उंची, बाणाची लांबी, टोकाचं वजन, स्पाइन. दोरी बदलली, टोक बदललं किंवा ऋतू पालटला की ब्रेस हाइट आणि गाठीपासून पुन्हा सुरू करा, आणि ती दोन्ही जुन्या आकड्यांवर आल्याशिवाय बाणाला करवत लावू नका.